निवडक रेताच्या यंत्रांतील थेंबांची धार : तिचे बिघाड व ते ओळखण्याची रीत

आमच्या मंडळाच्या सभासदांपैकीं ज्यांच्या गोठ्यांत दुभतीं जनावरें आहेत, त्यांस "कालवडीची कांडी" हा शब्द आतां नवा राहिला नाहीं. गाय माजावर आली म्हणजे नेहमींच्या कांडीऐवजीं निवडक रेताची कांडी भरवावी, म्हणजे दहांपैकीं नऊ वेळां कालवडच होते, असें सांगण्यांत येतें व तें बहुतांशीं खरेंही आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं आपल्या वाशीम येथें पंतप्रधानांच्या हस्तें या निवडीच्या देशी तंत्राचा आरंभ झाला, तेव्हांपासून तर हा विषय चावडीवरही बोलला जाऊं लागला आहे. परंतु ही निवड होते कशी, आणि तींत चूक शिरते ती कोणत्या वाटेनें, हें ज्याच्या गोठ्यांत कांडी येते त्यास सहसा कोणी समजावून सांगत नाहीं. तें सांगण्याचा हा प्रयत्न आहे. ज्या सभासदांचे मुलगे-मुली अशा प्रयोगशाळांतून नोकरीस आहेत, त्यांसही यांतील कांहीं भाग उपयोगी पडेल असें वाटतें.

खरें सांगावयाचें तर आम्ही या विषयाकडे वळलों तें रागानें. दोन वर्षांपूर्वीं आमच्या संकरित गायीस आम्हीं अशी कांडी भरविली. किंमत साध्या कांडीहून अधिक. त्यांत गाय पहिल्या खेपेस उलटली म्हणून दुसरी कांडी आणावी लागली. आणि दिवस भरल्यावर झाला गोऱ्हा. आम्हीं तीस वर्षें महसूल खात्यांत कारकुनी केलेली. आंकडा चुकला म्हणजे कोणीतरी लबाडी केली असली पाहिजे, हा संशय आमच्या हाडींमांसीं खिळलेला आहे. कांडी भरण्यास आलेल्या मुलास आम्ही नको तें बोललों. तो मुकाट्यानें ऐकून घेऊन निघून गेला. पुढें आमच्या भाच्यानें हें ऐकलें. तो अशाच एका प्रयोगशाळेंत यंत्रावर काम करतो. तो म्हणाला, "मामा, त्या पोराला कशाला बोललात? चूक झाली असेल तर ती आमच्याकडे झाली असेल. एकदां येऊन बघा." त्याप्रमाणें आम्ही गेलों, दोन दिवस कांचेच्या अलीकडे बसून सर्व पाहिलें, आणि जें समजलें नाहीं तें पुन्हां पुन्हां विचारलें.

प्रथम धारेविषयीं. घागर भरतांना नळाची तोटी अगदीं बारीक सोडावी आणि धारेकडे निरखून पाहावें. वरून ती कांचेच्या काडीसारखी अखंड दिसते. थोडी खालीं गेल्यावर तिच्यांत गांठी पडतात, आणि पुढें तिचे थेंब होतात. पाण्याच्या अंगीं आपला पृष्ठभाग शक्य तितका लहान करण्याची ओढ असते, आणि लांबट धारेपेक्षां वाटोळ्या थेंबांचा पृष्ठभाग कमी असतो. म्हणून धार तुटते. बेल्जियममधील प्लातो या शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकांत याचा बारकाईनें अभ्यास केला, आणि इंग्लंडांतील लॉर्ड रॅले यांनीं १८७८ सालीं गणितानें दाखवून दिलें कीं, धारेच्या जाडीच्या सुमारें साडेचार पट अंतरानें पडणाऱ्या गांठी सर्वांत लवकर वाढतात. मग धारेस त्याच अंतरानें गांठी पडतील असा ठराविक कंप दिला, तर थेंब वाटेल तेव्हां न तुटतां पलटणींतील शिपायांसारखे एकामागून एक, सारख्या आकाराचे, ठराविक जागीं तुटूं लागतात. साऱ्या यंत्राचा पाया एवढाच आहे.

या पायावर पहिली इमारत उठली ती शाईची. अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठांत रिचर्ड स्वीट यांनीं शाईच्या धारेचे थेंब करून, त्यांस विजेचा भार देऊन, कागदावर हवे तेथें वळविण्याची युक्ति १९६५ सालीं प्रसिद्ध केली. त्याच सालीं न्यू मेक्सिकोंतील लॉस अलामॉस येथें, जेथें वीस वर्षांपूर्वीं अणुबाँब तयार झाला होता, तेथें मॅक फुलवायलर यांनीं शाईच्या जागीं पेशी घालून तीच युक्ति पेशी निवडण्यास लावली. पुढें स्टॅनफर्डच्याच हर्झेनबर्ग यांनीं पेशीची चमक पाहून निवड करण्याची सोय केली. या यंत्राचा शेतकऱ्याशीं संबंध आला तो अमेरिकन शेतकी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील केंद्रांत. तेथें लॉरेन्स जॉन्सन यांनीं १९८९ सालीं निवडलेल्या शुक्रजंतूंपासून सशाचीं पिल्लें जन्मलेलीं दाखविलीं. सशापासून गायीपर्यंत येण्यास मग फार वेळ लागला नाहीं.

आतां गायीचें रेत. तें प्रथम एका रंगाच्या द्रावणांत ठेवितात. हा रंग शुक्रजंतूच्या आंतील डी. एन. ए. या द्रव्यास चिकटतो, आणि अतिनील किरण पडतांच निळा चमकतो. कालवड देणाऱ्या शुक्रजंतूंत गोऱ्हा देणाऱ्यापेक्षां हें द्रव्य सुमारें ३.८ टक्के अधिक असतें. म्हणून तो तितकाच अधिक चमकतो. शंभर रुपयांस पावणेचार रुपयांचा फरक, आणि तोही धांवत्या गाडींतून ओळखावयाचा. त्यांत शुक्रजंतूचें डोकें वाटोळें नसून वल्ह्याच्या पात्यासारखें चपटें. तें कोणत्या कुशीवर वळून आलें यावर चमक कमीजास्त दिसते. यासाठीं तोटीची आंतली घडणच अशी ठेवितात कीं पुष्कळसे जंतु एका कुशीवर येतात, आणि जे तसे येत नाहींत ते सरळ टाकून देतात.

रंगविलेलें रेत बारीक नळीनें मधोमध सोडतात आणि त्याभोंवतीं दुसऱ्या क्षारयुक्त द्रवाचें वेष्टण वाहतें. यास तेथील लोक शीथ म्हणतात, म्हणजे म्यान. हें सर्व ज्या तोंडांतून बाहेर पडतें त्याचा व्यास साधारण ७० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढा. टांकीवर दर चौरस इंचास सुमारें ४० पौंड दाब असतो, त्यामुळें धार सेकंदास २३ मीटर, म्हणजे तासास ८० किलोमीटरांहून अधिक वेगानें सुटते. तोंडाशीं बसविलेला एक स्फटिक विजेनें थरथरतो आणि धारेचे सेकंदास ७०,००० च्या आसपास थेंब पडतात. दोन थेंबांमधील अंतर मिलिमीटरचा एक तृतीयांश.

शुक्रजंतु किरणासमोर येतो तेव्हां तो धारेच्या अखंड भागांत असतो. तेथें तो ओळखला जातो. परंतु त्याचा थेंब होतो तो याच्या पुष्कळ खालीं, धार तुटते त्या जागीं. तेथें पोंचेपर्यंत मध्यें तीसएक थेंब पडून जातात. नेमका त्याचा थेंब तुटतांना साऱ्या धारेस क्षणभर विजेचा भार देतात. थेंब तुटला कीं तो भार त्याच्याजवळ राहतो, आणि पुढें दोन विद्युत्-पत्र्यांमधून जातांना तो थेंब डावीकडे किंवा उजवीकडे ओढला जाऊन नळींत पडतो. ज्यास भार नाहीं तो थेंब सरळ खालीं, टाकाऊ भांड्यांत. ओळख पटल्यापासून भार देईपर्यंत जो वेळ थांबावें लागतें त्यास आम्ही थेंबविलंब म्हणतों. पाटाचें पाणी ज्यांनीं घेतलें आहे त्यांस हें सांगावयास नको. पाटकरी वर दार उघडतो, पण पाणी आपल्या बाऱ्याशीं येण्यास किती वेळ लागतो तें ठाऊक असलें तरच बारें वेळेवर फोडतां येतें. लवकर फोडलें तर कोरडें, उशीरा फोडलें तर पाणी शेजाऱ्याच्या वाफ्यांत.

यावरून एक गोष्ट उघड होते. धार तुटण्याची जागा मिलिमीटरच्या केवळ एक तृतीयांशानें खालीं किंवा वर सरकली, तर भार चुकीच्या थेंबास मिळतो. हव्या त्या जंतूचा थेंब टाकाऊंत जातो, आणि शेजारचा थेंब, ज्यांत बहुधा कांहींच नसतें किंवा कोणताही जंतु असूं शकतो, तो कालवडीच्या नळींत पडतो. आणि यंत्राला याची दाद नसते! यंत्रावर जो आंकडा चढत जातो तो दिलेल्या हुकुमांचा असतो, नळींत पोंचलेल्या जंतूंचा नव्हे. आम्हांस हें ऐकून आमच्या कचेरीची आठवण झाली. तेथेंही नोटिसा सुटल्या म्हणजे वसुली झाली असें समजणारे पुष्कळ भेटले.

म्हणून या यंत्रावर काम करणाराची सारी नजर त्या तुटीच्या जागेवर असते. तेथें कॅमेरा लावलेला असतो, आणि कंपाच्या ठेक्यावर लुकलुकणारा दिवा असतो. त्यामुळें धांवते थेंब पडद्यावर जागच्या जागीं उभे दिसतात, जणूं माळेंत ओंवलेले मणी. पहिल्या दिवशीं सकाळीं आम्ही बसलों असतां हे मणी हळूहळू खालीं सरकूं लागले. भाच्यानें लगेच एक खुंटी फिरविण्यास हात पुढें केला. त्या खुंटीनें स्फटिकाच्या कंपाचा जोर वाढतो आणि धार थोडी वरच तुटते. म्हणजे जागा पुन्हां रेघेवर येते. इतक्यांत यंत्रावरील मुख्य बाईंनीं त्यास थांबविलें. "जागा आणशील, पण वेळ आणशील का?" असें त्या म्हणाल्या.

त्यांचें म्हणणें आम्हांस समजण्यास अर्धा तास लागला, परंतु या लेखांतील मुख्य गोष्ट तीच असल्यामुळें ती सविस्तर देतों. तुटीची जागा सरकली तर तिला कांहींतरी कारण आहे. तोंडाशीं कचरा अडकला असेल, दाब उतरला असेल, द्रव गार किंवा ऊन झाला असेल. या कारणांनीं बहुधा धारेचा वेगही बदलतो. आतां खुंटी फिरवून जागा पूर्वींच्या ठिकाणीं आणली, तरी वेग बदललेलाच आहे. तेव्हां किरणापासून त्या जागेपर्यंत पोंचण्यास लागणारा वेळ पूर्वींचा राहिला नाहीं. पडद्यावर सर्व जागच्या जागीं दिसतें, थेंबविलंबाचा आंकडाही तोच, आणि निवड मात्र चुकत असते. रोजखर्डा चुकला असतां चूक न शोधतां शेवटच्या ओळींत एक आंकडा घालून बेरीज जुळविण्याचाच हा प्रकार. आम्हीं नोकरींत असें करणारे पाहिले आहेत, आणि खोटें कशास बोलावें, उमेदीच्या काळांत एकदां आम्हींही तें केलें होतें. तें निस्तरण्यास पुढें तीन महिने लागले. पुष्कळ नव्या यंत्रांत ही खुंटी यंत्र आपली आपण फिरवितें. किरकोळ चढउतारास ती सोय चांगली आहे. परंतु यंत्र सारखें एकाच दिशेनें खुंटी फिरवूं लागलें, तर मूळ कारण आंत वाढत आहे असें समजावें. म्हणून मुख्य बाई रोज सकाळीं कंपाचा जोर किती आहे तो आंकडा वहींत लिहून ठेवितात. कालच्या व आजच्या आंकड्यांत फार अंतर पडलें, तर काम सुरू होत नाहीं.

त्या दिवशीं कारण निघालें तें असें. आदल्या सायंकाळीं बंद करतांना धुण्याचें काम घाईंत झालें होतें. क्षारद्रव तोंडाशीं वाळून त्याचा एक कण कडेला बसला होता. धार किंचित् तिरपी झालेली होती, एवढी किंचित् कीं आम्हांस दाखवूनही ती नीट दिसेना. परंतु टाकाऊ भांड्याच्या मधोमध पडण्याऐवजीं ती एका कांठाकडे पडत होती. तोटी काढून ऊन शुद्ध पाण्यांत ठेविली, ध्वनिकंपानें धुणाऱ्या भांड्यांत कांहीं मिनिटें हालविली, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं तोंड स्वच्छ वाटोळें दिसल्यावरच पुन्हां बसविली. तेथें एक नियम फार कडक आहे : तोंडांत तार किंवा सुई घालावयाची नाहीं. फवारणी पंपाचें तोंड तुंबलें म्हणजे आपण काडी किंवा तार खुपसतों, आणि मग औषधाचा फवारा एका अंगास जातो. त्याचें कारण तेंच. ठिबकच्या नळ्यांसही हाच न्याय लागू आहे.

कचरा अडकणें आणि हवेचा बुडबुडा अडकणें या दोहोंतील फरक ओळखतां आला पाहिजे. कचऱ्यानें धार एकदम बदलते व मग तशीच राहते, आणि बहुधा तिरपी होते. बुडबुड्यानें ती सरळच राहते, परंतु तुटीची जागा श्वास घेतल्यासारखी वरखालीं होत राहते, पडद्यावरील मणी पुसट व थरथरते दिसतात, आणि मध्येंच एखाद्या मिनिटास सर्व सुरळीत होऊन पुन्हां बिघडतें. हवा दाबली जाते आणि पाणी दाबलें जात नाहीं. त्यामुळें नळींत बुडबुडा असला कीं कंप आणि दाब दोन्ही त्यांत गिळले जातात. ही हवा शिरते ती बहुधा टांकी बदलतांना, आणि लपते गाळणीच्या माथ्यांत किंवा नळीच्या सांध्यांत. गाळणीच्या माथ्यावर हवा सोडण्याची खुंटी असते. ती उघडून बुडबुडे येणें थांबेपर्यंत द्रव वाहूं द्यावा, सांध्यांवर बोटानें टिचक्या माराव्या, आणि धार दोन-तीन वेळां बंद करून पुन्हां सुरू करावी. विहिरीच्या पंपानें हवा धरली म्हणजे आपण काय करतों तें आठवावें. फरक एवढाच कीं येथें बुडबुडा मोहरीहून लहान असला तरी तो पुरतो.

तोटी बसवितांनाच धार तिरपी आली तर कचरा शोधण्याआधीं वायसर पाहावा. तो रबराचा, इतका बारीक असतो कीं तोटी धुतांना निसटून मोरींत गेलेलाही कळत नाहीं. कधीं जुना वायसर आंत चिकटलेला असतो आणि वर नवा बसतो. दोन वायसरांवर कोणतीही तोटी सरळ बसणार नाहीं.

टांकी रिती होत आली, दाब देणारें यंत्र दमलें, खोली थंड करणाऱ्या यंत्राचा झोत नेमका टांकीवर येऊं लागला, या कारणांनीं जी जागा सरकते ती मिनिटामिनिटानें, एकाच दिशेनें सरकते. द्रव ऊन झाला कीं पातळ होतो, गार झाला कीं दाट; तेव्हां सकाळीं यंत्र सुरू करून तासभर नुसतें वाहूं द्यावें व मगच थेंबविलंब ठरवावा. गार खोलींतून आणलेली टांकी तशीच जोडूं नये.

धार ठीक, तुटीची जागा ठीक, आणि तरी थेंब डावीउजवीकडे वळतच नाहींत, असा एक बिघाड होतो. याची एक गोष्ट तेथें सर्वजण हंसून सांगतात. एकदां सारी सकाळ भार देणारी तार शोधण्यांत गेली, पत्रे काढून तपासले, कारागीर बोलावण्याची वेळ आली. शेवटीं एका शिकाऊ मुलीनें विचारलें कीं टांकींत काय आहे? रात्रीं धुण्यासाठीं भरलेलें शुद्ध पाणीच टांकींत राहिलें होतें. शुद्ध पाण्यांतून वीज नीट वाहत नाहीं. थेंबास भार मिळावा कसा? क्षार असला तर विजेस वाट मिळते, आणि क्षार वाळला तर तोंड तुंबतें. म्हणून रात्रीं पाणी व सकाळीं क्षारद्रव, आणि दोन्हीं टांक्यांवर मोठ्या अक्षरांत नांव. तार सुटलेली असणें, पत्र्यांचा दाब बंद असणें, हीं कारणेंही असतात. परंतु प्रथम टांकी पाहावी.

पत्र्यांवर क्षाराचे तुषार उडाले तर त्या ओलींतून वीज वाट काढते, टक् टक् असा आवाज येतो, ठिणगी दिसते, आणि बाजूची धार लचके खाते. पत्र्यांमध्यें हजारों व्होल्टांचा दाब असतो; तो बंद केल्याची खात्री केल्याविना पुसण्यास हात घालूं नये. धार एकाएकीं तुंबून तुषार उडाले असल्यास झांकण लगेच उघडूं नये, आंतील हवा ओढून घेणारें यंत्र कांहीं वेळ चालूं द्यावें. वळूच्या रेतापेक्षां ही सूचना इस्पितळांतील यंत्रांस अधिक लागू आहे, कारण तेथें रोग्याचें रक्त असतें. पण संवय एकच असावी.

बाजूची धार एकसंध रेघ न दिसतां झाडूसारखी फांटत असेल, तर तिचीं कारणें दोन-तीन आहेत. भार घेतलेला थेंब आपल्यामागून येणाऱ्या थेंबावर थोडा उलट भार उठवितो. याची भरपाई करण्याचे आंकडे यंत्रांत असतात व ते बिघडलेले असूं शकतात. दुसरें, मोठ्या दोन थेंबांमध्यें बारीक उपथेंब पडतात. ते दोन-चार थेंबांच्या अंतरांत मोठ्या थेंबास जाऊन मिळाले तर ठीक, न मिळाले तर भारासकट भरकटतात व पत्रे ओले करतात. हे उपथेंब पडद्यावर स्पष्ट दिसतात, आणि कंपाची गति थोडी कमीजास्त केली असतां बहुधा मिळून जातात. परंतु शिकाऊ लोक भरपाईच्या आंकड्यांशीं खेळत बसतात, आणि खरें पाहतां तुटीची जागाच सरकलेली असते. आधीं ती पाहावी, मग बाकी सर्व.

राहतां राहिलें खुद्द रेत. त्यांत गुठळ्या असल्या, रंग देतांना घातलेल्या द्रवाचे कण असले, तर धार पांच-दहा मिनिटांनीं पुन्हां पुन्हां बिघडते, आणि रेत बंद करून नुसता शीथ सोडला कीं सुधारते. हीच त्याची खूण. रेत चढविण्यापूर्वीं बारीक जाळींतून गाळणें हाच उपाय. आणि गाळलें आहे असें कोणी सांगितलें म्हणून न गाळणें हें त्या बिघाडाचें नेहमींचें कारण.

हें सर्व दुरुस्त झाल्यावरही काम लगेच सुरू होत नाहीं. प्रथम चमकणारे सूक्ष्म मणी धारेंतून सोडतात, यंत्रास मोजून थोडे कांचेच्या पट्टीवर पाडण्यास सांगतात, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं ते माणसाच्या डोळ्यांनीं मोजतात. पंचवीस सांगितले व पंचवीस सांपडले तर थेंबविलंब बरोबर. पंधराच सांपडले तर दहा कोठें गेले याचा शोध. निवडलेल्या रेताचाही थोडा भाग काढून, जंतूंचीं शेपटें तोडून, पुन्हां रंगवून, कालवडीचे शेंकडा किती हें तपासतात. हुकुमाचा आंकडा आणि वसुलीचा आंकडा येथें समोरासमोर ठेविले जातात. आम्ही होतों त्या दिवशीं दुपारीं शेंकडा ८१ आले. सकाळपासूनचें सारें रेत मुख्य बाईंनीं टाकून देण्यास सांगितलें. एका कांडींत असे २० ते ४० लाख जंतु लागतात, आणि यंत्र सेकंदास पांचएक हजारांहून फारसे देत नाहीं. म्हणजे लहानांतल्या लहान कांडीस सहा-सात मिनिटें. एका सकाळच्या कांड्या, वळूचें रेत, रंग, सर्व गेलें. भाच्याचें तोंड उतरलें होतें. आम्हीं त्यास विचारलें कीं प्रत्येक ठिकाणीं असें टाकतात काय? त्यानें उत्तर दिलें नाहीं.

येथें एवढेंही सांगणें अवश्य आहे कीं सर्व कांड्या थेंबांच्या यंत्रांतून येत नाहींत. दुसऱ्या एका रीतींत धार तोडीतच नाहींत. नको असलेले जंतु प्रखर किरणानें तेथल्या तेथें निकामी करतात. त्या कांडीस वर सांगितलेले बिघाड लागू नाहींत. तिचे निराळे असतील.

आतां शेतकऱ्याच्या बाजूचा हिशेब. यंत्र उत्तम चाललें तरी शेंकडा नव्वदच. म्हणजे ज्याच्या गोठ्यांत अशा कांड्यांनीं दहा गायी व्याल्या, त्याच्या दहाही कालवडी होण्याचा संभव शेंकडा पस्तीसच. उरलेल्या पासष्टांच्या घरीं निदान एक गोऱ्हा येणारच. आमचा एक गोऱ्हा हा कोणाच्याही लबाडीचा पुरावा नव्हता. हें गणित समजल्यावर आम्ही त्या कांडी भरणाऱ्या मुलाच्या घरीं गेलों. आमचें बोलणें ऐकून तो इतकाच म्हणाला कीं, काका, मला रोज कोणी ना कोणी बोलतंच. आमची नातवंडें त्या गोऱ्ह्यास "थेंब्या" म्हणतात.

परंतु तीन वेतांत दोन गोऱ्हे आले तर गोष्ट निराळी. शुद्ध कांड्यांनीं असें हजारांत अट्ठावीस वेळांच घडावें. एकाच वळूच्या, एकाच तारखेच्या कांड्यांनीं गांवांतील चार-पांच गोठ्यांत असें घडलें, तर चौकशी मागण्याचा शेतकऱ्यास पुरा हक्क आहे, आणि ती चौकशी चालेल ती कांडीवर छापलेल्या मजकुरावर : वळूचा क्रमांक, तयार केल्याची तारीख, केंद्राची खूण. आपण काय करतों? गाय भरविली कीं रिकामी कांडी गोठ्याच्या बाहेर फेंकतों. पुढें वासरूं झाल्यावर हातांत कांहींच नसतें आणि तोंड मात्र असतें. रिकामी कांडी धुऊन, गायीच्या बिल्ल्याचा क्रमांक व भरविल्याची तारीख लिहिलेल्या कागदांत गुंडाळून ठेवावी. मंडळाच्या कचेरींत यासाठीं एक वही या महिन्यापासून ठेविली आहे. गाय उलटली, गाभण राहिली, काय झालें, तें प्रत्येक सभासदानें तींत नोंदवावें. कालवड झाली तरीही नोंदवावें, कारण नुसत्या गोऱ्ह्यांच्या नोंदींवरून शेंकडा काढतां येत नाहीं. वही रोज सकाळीं नऊ ते अकरा आमच्याजवळ मिळेल.